पहिल्यांदा रेसट्रॅकवर जाताना: ब्रेक ऑइल, टायरमधली हवा आणि नजर

ट्रॅकवरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव नोंदवलं की पहिल्यांदा जाणाऱ्यांचं लक्ष आधी इंजिनाकडे जातं. गाडी पुरेशी दमदार आहे का, एक्झॉस्ट बदलावा का, वगैरे. मला कुणी विचारलं तर मी उलट एकच गोष्ट विचारते: ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं? बऱ्याच जणांना ते आठवत नाही. पहिल्या दिवसाची सगळी भिस्त मात्र त्यावरच असते.

आकडे मांडून पाहू. १४०० किलोची साधी गाडी सरळ पट्ट्यावर ताशी १८० किलोमीटरने येते आहे आणि वळणाआधी तिला ताशी ७२ वर आणायचं आहे. कोरड्या ट्रॅकवर पूर्ण जोराने ब्रेक लावला तर हे काम साधारण तीन सेकंदांत, शंभर-एकशेदहा मीटरमध्ये उरकतं. तेवढ्यात गाडीची गतिज ऊर्जा जवळपास पावणेपंधरा लाख ज्यूलने उतरते. त्यातली थोडी हवेच्या विरोधात जाते, बाकी बहुतेक सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये शिरते. साडेचार लिटर पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच उष्णता लागते. शेगडीवर त्यासाठी बराच वेळ ताटकळावं लागतं. इथे सगळं तीन सेकंदांत.

या कामाचा सत्तर टक्के भार पुढच्या चाकांवर पडतो आणि तिथल्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या, ब्रेक ज्यांना आवळतो त्या लोखंडी चकत्या) आठ-आठ किलोच्या आहेत असं धरलं, तर अशा एका ब्रेकला प्रत्येक डिस्क सुमारे १४० अंशांनी तापते. पुढच्या सरळ पट्ट्यावर वाऱ्याने ती थोडी निवते, पण पुरती निवायच्या आत दुसरं वळण येतं. रस्त्यावर असा ब्रेक क्वचित कधीतरी दाबावा लागतो. ट्रॅकवर तो एकेका फेरीत अनेकदा दाबावा लागतो, आणि फेऱ्यांमागून फेऱ्या चालूच असतात.

ही उष्णता डिस्कमधून तिच्यावर घासणाऱ्या पॅडमध्ये, पॅडमधून ते दाबणाऱ्या चिमट्याच्या, म्हणजे कॅलिपरच्या, पिस्टनमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. त्याला ऑइल म्हणायचं एवढंच. बहुतेक गाड्यांत तो ग्लायकॉल ईथरच्या जातीचा द्रव असतो आणि हवेतली ओल तो हळूहळू शोषून घेतो. डॉट ४ (‘डॉट’ म्हणजे अमेरिकी परिवहन खातं) दर्जाच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं, की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ मध्ये हेच आकडे २०५ आणि १४० असे आहेत. म्हणजे गाडी तीच, पॅड तेच, आणि नुसत्या मुरलेल्या ओलीने पाऊणशे अंशांची राखीव जागा गेली.

द्रव दाबून आक्रसत नाही, म्हणून तर पायाचा जोर पॅडपर्यंत जसाच्या तसा पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. ऑइल उकळून त्यात बुडबुडे झाले की पेडल आधी मऊ लागतं, मग पोकळ, आणि मग सरळ तळाला जातं. रस्त्यावर गाडी चालवून या बिघाडाची चाहूलही लागत नाही, कारण तिथे ऑइल इतकं तापतच नाही.

तेव्हा जाण्याआधीच्या आठवड्यात ऑइल बदलून घ्या, आणि ते काम चालू असताना शेजारी उभे राहा. कॅलिपरवर एक छोटा निपल असतो. त्याला पारदर्शक नळी जोडून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडतात. एकजण आत बसतो, दुसरा पाना घेऊन चाकापाशी. ‘दाब. धरून ठेव.’ निपल किंचित सैल होतो, नळीतून काळपट ऑइल सरकतं आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढा एखादा बुडबुडा दिसतो. ‘सोडू नकोस अजून.’ निपल घट्ट. ‘हां, सोड आता.’ निपल उघडा असताना पाय उचलला तर हवा परत आत ओढली जाते, म्हणून ही हाकाटी. नळीत स्वच्छ, फिकट ऑइल सलग येईपर्यंत हे चालतं. एक जपायचं: डॉट ५.१ ग्लायकॉलचं असतं आणि डॉट ५ सिलिकोनचं. नावं सारखी असली तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

गॅरेजच्या त्याच फेरीत पॅडची जाडी बघून घ्या आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरापर्यंत आवळणाऱ्या पान्याने) आवळून घ्या. गाडीतल्या सुट्या वस्तू, ड्रायव्हरच्या पायाखालची मॅटसुद्धा, बाहेर काढा. ब्रेक पेडलखाली गडगडत आलेली पाण्याची बाटली किती घात करील ते सांगायला नको.

हेल्मेटवर स्नेलचं स्टिकर असेल तर त्यावरची अक्षरं नीट वाचा. शर्यतीत डोक्याला मार लागून १९५६ साली पीट स्नेल गेला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने हेल्मेट तपासणारी ही संस्था उभी राहिली. ‘एसए’ म्हणजे कारच्या शर्यतींसाठी. त्यात आगीची चाचणीही असते. मोटरसायकलच्या ‘एम’ हेल्मेटला ती नसते. आपल्या स्कूलला कोणतं चालतं ते आधीच विचारून ठेवा.

आता गाडीपेक्षा अवघड भाग, तुम्ही स्वतः. टायरची पकड ठरावीक असते आणि ब्रेक, वळण, वेग वाढवणं ही तिन्ही कामं त्यातच भागवायची असतात. शिवाय ही पकड चाकावरच्या वजनावर अवलंबून असते आणि वजन सतत सरकत असतं. मघाच्याच गाडीत उभी असताना पुढे ८४० आणि मागे ५६० किलो भार आहे असं समजा. पूर्ण ब्रेकखाली सुमारे ३०० किलो पुढे सरकतात. मागे उरतात २६०. वळणाच्या मध्यात घाबरून अॅक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला तर हेच कमी प्रमाणात घडतं: मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची शेपटी बाहेर निघते. म्हणून प्रशिक्षक पहिल्या तासापासून ‘हळुवार’ म्हणत राहतात. ब्रेकचं मुख्य काम सरळ रेषेत आटपायचं, आणि पाय दाबायचा तसाच उचलायचाही बेताने.

नजरेचं म्हणाल तर २००१ साली मायकेल लँड आणि बेंजामिन टॅटलर यांनी छापलेलं एक निरीक्षण मला फार आवडतं. इंग्लंडच्या मॅलरी पार्क ट्रॅकवर रेसिंग ड्रायव्हर टॉमस शेक्टर गाडी चालवत असताना त्यांनी त्याचं डोकं आणि डोळे कसे वळतात ते टिपलं. त्याचं डोकं आत्ता किती वळलंय यावरून साधारण एका सेकंदानंतर गाडी किती वेगाने वळेल ते सांगता येत होतं. म्हणजे हातांच्या आधी मान वळणात शिरलेली असते. ताशी १८० ला एक सेकंद म्हणजे ५० मीटर. नवखा माणूस बॉनेटच्या पुढचा डांबराचा तुकडा बघत बसतो आणि मग प्रत्येक वळण त्याच्या अंगावर आल्यासारखं वाटतं. याचा सराव आजपासून रोजच्या रस्त्यावर, रोजच्याच वेगात करता येतो: वळण सुरू होताच ते जिथे उघडतं तिथे नजर न्यायची.

बसण्याची जागाही घरीच ठरवा. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर ठेवता आलं, तर अंतर बरोबर आहे.

ट्रॅकवर टायरमध्ये भरलेली हवाही तापते. २० अंशांना ३३ पीएसआय असलेली हवा ७० अंशांना ४१ च्या पुढे जाते. तापमान आणि दाब यांचं हे साधं नातं शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. म्हणून गाडी आत आली की गरम असतानाच दाब मोजून वहीत लिहायचा आणि प्रशिक्षकाच्या सल्ल्याने कमी करायचा.

सेशनची, म्हणजे ट्रॅकवरच्या एका पाळीची, शेवटची फेरी सावकाश, शक्यतो ब्रेक न लावता मारा, म्हणजे वाऱ्याने डिस्क निवतात. पार्क केल्यावर हँडब्रेक ओढू नका; तापलेले पॅड एकाच जागी डिस्कला चिकटून राहतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगडाची किंवा लाकडाची उटी लावा. आणि संध्याकाळी निघताना टायर गार झाले, की दिवसभरात काढलेली हवा आठवणीने परत भरा. नाहीतर, गरम असताना दाब ३३ वर आणला असेल तर, सकाळचे ३३ पीएसआय आता पंचविसाच्या आसपास आलेले असतील, आणि तेवढ्यावर घरचा सगळा रस्ता कापायचा असेल.