जे.जे.तला किपलिंग बंगला: ‘इथे’ म्हणजे नेमकं कुठे?

जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातल्या डीन बंगल्यावरची पाटी सांगते की ‘द जंगल बुक’ लिहिणारा इंग्रज लेखक रड्यार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी इथे जन्मला. तारीख पक्की आहे. घोळ आहे तो ‘इथे’ या शब्दाचा.

आज उभा असलेला बंगला १८८२ च्या सुमाराचा. म्हणजे तो बांधला गेला तेव्हा किपलिंग सोळा वर्षांचा होता. १८६५ साली किल्ल्याचा तट नुकताच पाडलेला, पुढे एस्प्लनेडचं मोकळं मैदान, आणि १८५७ साली सुरू झालेल्या शाळेला स्वतःची धड इमारतही नव्हती. किपलिंगचे वडील लॉकवुड १८६५ सालीच या शाळेत इमारतींवरचं शिल्पकाम शिकवायला आले. चित्रं, मूर्तिकाम आणि लोखंडी नक्षीकाम अशा तीन कार्यशाळा १८६६ साली शाळेत निघाल्या, त्यातलं मूर्तिकाम त्यांच्याकडे. शाळेची दगडी इमारत १८७८ ची. लॉकवुड १८७५ मध्येच लाहोरला गेले होते. त्यामुळे कौतुकानं जिचे फोटो निघतात, त्या इमारतीत त्यांनी एक तासही घेतलेला नाही.

जन्मस्थान आणि जन्मघर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा जवळपास हीच असावी, घर मात्र गेलं. किपलिंगनं १९३० नंतर स्वतः येऊन डीनना हेच सांगितलं, अशी एक कथा फिरते. ती टिकत नाही, कारण १८९१ नंतर तो भारतात आलाच नाही.

आत्मचरित्राचा आधार घ्यावा, तर ते आणखी गोंधळात टाकतं. त्यात एस्प्लनेडवरचं छोटं घर पारशांच्या दख्म्यांजवळ, म्हणजे मृतदेह ठेवायच्या मनोऱ्यांजवळ, असल्याचं म्हटलंय. हे दख्मे जिथे आहेत ती डुंगरवाडी मलबार हिलवर आहे, जे.जे.पासून तीन-चार किलोमीटर. पाचव्या वर्षापर्यंतच्या आठवणी सत्तरीच्या उंबरठ्यावर लिहिलेल्या. त्यांनी जागा मोजू नये.

त्यापेक्षा समोरचं क्रॉफर्ड मार्केट भरवशाचं. दारावरची उठावशिल्पं लॉकवुडची, आतल्या कारंज्यातही त्यांचा हात. मार्केट १८६९ चं. आयाबरोबर पहाटे फळबाजारात जायच्या किपलिंगच्या आठवणीशी हा काळ जुळतो. त्याचा बाप्तिस्मा फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमधला.

बंगल्यात किपलिंगचं संग्रहालय करायचा बेत या शतकाच्या पहिल्या दशकात पुढे आला आणि मागेही पडला. साम्राज्याची भलामण करणाऱ्याचं स्मारक सरकारी पैशातून नको, ही हरकत समजण्यासारखी आहे. पण त्या वादात वास्तूच्या वयाचा साधा मुद्दा कुणी फारसा काढला नाही, आणि तो एकटाच पुरेसा होता. पुढे तिथे इथल्या चित्रकारांची चित्रं लावण्याचं घाटत होतं. पाटी तेवढी होती तशीच राहिली.