मृताचा दावा वेगळा, घरच्यांचा वेगळा

दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे घरातलं माणूस गेलं की जो तो एकच सांगतो, 'भरपाईचा दावा टाका.' प्रत्यक्षात दावे दोन असू शकतात. बहुतेक वेळा ते एकाच वकिलामार्फत, एकाच खटल्यात चालतात, त्यामुळे घरच्यांना त्यांतला फरक कळतच नाही. पैसे वाटायची वेळ आली की मात्र तो कळतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

पहिला दावा घरच्यांचा स्वतःचा. त्या माणसाच्या जाण्याने यांचं काय गेलं? त्याच्या कमाईचा आधार, मुलांचं संगोपन, घरात तो करत असलेली कामं आणि काही देशांत त्याच्या सहवासाचीही भरपाई. दुसरा दावा मुळात मृताचा. इजा झाल्यापासून मृत्यूपर्यंत उपचारांचा खर्च झाला, पगार बुडाला, वेदना सोसाव्या लागल्या. तो जगला असता तर यासाठी स्वतःच कोर्टात गेला असता. तो गेला तरी हक्क उरतो आणि कायदेशीर प्रतिनिधी तो पुढे चालवतात.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात दोन्ही वाटा बंद होत्या. 1808 च्या 'बेकर विरुद्ध बोल्टन' खटल्यात घोडागाडी उलटून जखमी झालेली बाई साधारण महिनाभराने वारली. नवऱ्याला भरपाई मिळाली ती त्याला स्वतःला लागलेल्या मुक्या माराची आणि बायको जिवंत असेपर्यंत हुकलेल्या तिच्या सहवासाची. तिच्या मृत्यूनंतरच्या काळाचा एक पैसा नाही. म्हणजे गुन्हेगारी कायद्याची भीती सोडली तर माणसाला जखमी करण्यापेक्षा मारणं स्वस्त! रेल्वे आली, अपघात वाढले, तेव्हा 1846 मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि घरच्यांचा दावा मान्य झाला. मृताचा दावा मात्र त्याच्याबरोबरच संपतो हा नियम मोडायला 1934 उजाडलं.

भारतात 1855 च्या फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्टमध्ये दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी आहेत: एका कलमात पती किंवा पत्नी, आईवडील आणि मुलं यांचं नुकसान, दुसऱ्यात मृताच्या मालमत्तेचं. बसच्या अपघातातल्या एका मृत्यूवरून सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये 'गोबाल्ड मोटर सर्व्हिस' प्रकरणात स्पष्ट केलं की हे हक्क स्वतंत्र आहेत, पण दोन्हीकडचा लाभ एकाच माणसाला मिळणार असेल तर त्याच नुकसानीचे पैसे त्याला दोनदा घेता येणार नाहीत.

खरा फरक पैसे कोणत्या वाटेने घरात येतात यात आहे, आणि माझ्या मते वकिलाला पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न हाच. घरच्यांच्या दाव्याचे पैसे थेट त्या-त्या माणसाचे. कोण किती अवलंबून होतं त्यावर वाटा ठरतो, मृत्युपत्रात काय लिहिलंय त्यावर नाही. मृताच्या कर्जाशी त्यांचा सहसा संबंध येत नाही. मृताच्या दाव्याचे पैसे आधी त्याच्या मालमत्तेत जमा होतात. तिथे घेणेकऱ्यांची रांग पहिली, मग मृत्युपत्र किंवा वारसा कायदा. त्यामुळे सांभाळलेला भाचा मृत्युपत्रामुळे दुसऱ्या दाव्यात हक्कदार ठरतो आणि पहिल्यात कुठेच बसत नाही, असं घडू शकतं. उलटही घडतं. शिवाय पहिल्या दाव्यातही सगळ्यांना सारखं मिळत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये शोकाची ठरावीक भरपाई आहे, 2020 पासून 15,120 पौंड. ती जोडीदाराला मिळते, अल्पवयीन अविवाहित मुलाच्या पालकांना मिळते. बाप गेलेल्या मुलाला नाही. का, याचं पटेल असं उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

जागच्या जागी मृत्यू आला तर मृताच्या दाव्यात फारसं काही उरत नाही. महिनोन्‌महिने अंथरुणावर काढून गेला असेल तर तोच दावा जड होतो. कोणीही अवलंबून नसलेल्या एकट्या माणसाच्या बाबतीतही घरच्यांचा दावा हलका पडतो.

एक धोका मात्र मोठा आहे. जखमी माणूस हयात असताना विमा कंपनीचा माणूस तडजोडीचा कागद घेऊन येतो आणि खर्चाने टेकीला आलेलं घर सही करून टाकतं. 1868 च्या 'रीड विरुद्ध ग्रेट ईस्टर्न रेल्वे' निकालापासून इंग्लिश कायद्याचं म्हणणं असं की जखमीने स्वतःच पूर्ण भरपाई स्वीकारली असेल तर तो वारल्यावर घरच्यांचा दावाही उरत नाही. हक्क दोन, पण सही एकच पुरते.

फौजदारी खटला या दोन्हींपासून वेगळा. अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन 1995 मध्ये पूर्वपत्नी आणि तिचा तरुण मित्र यांच्या खुनाच्या आरोपातून सुटला, पण 1997 मध्ये दिवाणी ज्युरीने त्याला जबाबदार धरलं. त्या तरुणाच्या आईवडिलांना त्यांच्या स्वतःच्या नुकसानीपोटी 85 लाख डॉलर मंजूर झाले. शिवाय जरब बसावी म्हणून दोन्ही मृतांच्या बाजूंना मिळून अडीच कोटी डॉलर वेगळे. कॅलिफोर्नियात अशी दंडात्मक रक्कम मुख्यतः मृताच्या दाव्यातूनच मागता येते.

मुदतही बघा. वरच्या 1855 च्या कायद्याखालच्या दाव्याला भारतात मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षं मिळतात, इंग्लंडमध्ये साधारण तीन. काही ठिकाणी मृताच्या दाव्याची मुदत मृत्यूपासून नव्हे तर इजा झाल्यापासून मोजतात, म्हणजे माणूस अंथरुणावर असतानाच ती संपत आलेली असू शकते.