माइक तोंडापाशी कसा आला

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन "व्हिडिओसाठी माइक दाखवा, फार महाग नको" असं म्हटलं, की काउंटरवर साधारण तीन वस्तू येतात. लांब वायरचा कॉलर माइक, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा छोटा गन माइक आणि मुठीत मावणारा रेकॉर्डर. हल्ली चौथी डबीही येते, वायरलेसची. गिऱ्हाईक किमती बघतं, कुठेतरी ऐकलेली दोन नावं विचारतं आणि बरेचदा दिसायला भारदस्त म्हणून गन माइक घेऊन जातं. घरच्या हॉलमध्ये तो लावला की आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. माइक खराब नसतो, तो वेगळ्या कामासाठी घडवलेला असतो. या चारही वस्तू एकाच प्रश्नाची वेगवेगळ्या काळात सापडलेली उत्तरं आहेत. बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ माइक न्यायचा, पण चित्रात तो खुपू द्यायचा नाही, हे कसं जमवायचं? कोणती वस्तू कोणत्या अडचणीतून निघाली हे कळलं, तर कमी पैशांतली निवड पुष्कळ सोपी होते.

प्रश्न बोलपटाइतकाच जुना आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' प्रदर्शित झाला. तो चित्रित झाला त्या स्टुडिओजवळून रेल्वे जात होती, म्हणून गाड्या थांबल्या की रात्री उशिरा काम चाले आणि माइक सेटवर जमेल तिथे दडवलेले असत. चित्र आणि ध्वनी एकाच फिल्मवर उमटत होते, त्यामुळे नंतरच्या दुरुस्तीला वाव नव्हता. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात प्रभातने 'अयोध्येचा राजा' बोलता केला. ध्वनीची बाजू कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, विष्णुपंत दामले यांनी अंगावर घेतली होती. १९३३ मध्ये प्रभात पुण्यात आली. शांतता हवी म्हणून चित्रीकरण चार भिंतींच्या आत शिरण्याचा तो काळ. त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि ध्वनिमुद्रण हा शिकण्याचा, शिकवण्याचा विषय झाला. पुण्यात माइक हातात धरणाऱ्याला ही परंपरा आपली वाटावी, इतकी ती जवळ आहे.

मधल्या काळात मात्र आपल्याकडे एक मोठा खंड पडला. चित्रीकरण स्टुडिओबाहेर गेलं, कॅमेरे हलके पण खडखडाट करणारे आले आणि जागेवरचा आवाज केवळ संदर्भासाठी ठेवून संवाद नंतर डब करण्याची रीत पडली. हिंदी आणि मराठी सिनेमा कित्येक वर्षं त्यावरच चालला. मला वाटतं, त्याचा परिणाम आपल्या कानांवरही झाला. लग्नाच्या व्हिडिओवर गाणं टाकलं की झालं, मंगलाष्टकं म्हणणाऱ्या आजोबांचा आवाज कसा आलाय हे कुणी विचारायचंच नाही. २००१ मध्ये 'लगान' जागेवरच्या ध्वनीसह चित्रित झाला आणि २००९ मध्ये याच पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या रसूल पुकुट्टी यांना ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर मिळालं. त्यानंतर जागेवरच्या आवाजाकडे आदराने पाहिलं जाऊ लागलं.

जगात इतरत्र या अडचणीवर आधीच तोड निघाली होती. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ मध्ये नाग्रा हा टेप रेकॉर्डर बनवला. पोलिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'तो ध्वनिमुद्रण करील'. पहिल्या यंत्राची टेप किल्ली दिलेल्या स्प्रिंगवर फिरायची. दशक संपता संपता ट्रान्झिस्टरवर चालणारा नाग्रा तीन आला आणि खांद्याला पट्टा अडकवून सिनेमाच्या दर्जाचा आवाज रस्त्यावर टिपता येऊ लागला. कॅमेऱ्याने चित्र घ्यायचं, वेगळ्या यंत्राने ध्वनी घ्यायचा, सुरुवातीला पाटी आपटायची आणि संकलनात त्या 'टप्' आवाजावर दोन्ही जुळवायचे. ही व्यवस्था नीट लक्षात ठेवावी, कारण पन्नास वर्षांनी ती फार अनपेक्षित दारातून परत येणार होती. नाग्राची किंमत मात्र सामान्य माणसाच्या आवाक्यात कधीच नव्हती.

माइक स्वस्त झाला तो बेल लॅब्स या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेमुळे, आणि गंमत अशी की महागडा माइकही तिच्याच पूर्वसुरींचा, वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतला. १९१६ मध्ये ई. सी. वेन्टे यांनी कंडेन्सर माइक घडवला. एक अतिशय पातळ पडदा, त्यामागे धातूची पट्टी, आणि दोहोंमध्ये विद्युतभार. आवाजाने पडदा हलला की दोहोंमधलं अंतर बदलतं आणि त्याचा विद्युतसंकेत होतो. आवाज सुरेख यायचा, पण तो भार टिकवायला बाहेरून बऱ्यापैकी व्होल्टेज लागायचं, आणि जोडीला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. हे लटांबर खिशात घालून कोण फिरणार?

१९६२ मध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी त्यातला भाराचा प्रश्न मुळापासूनच मिटवला. टेफ्लॉनच्या पातळ पडद्यावर विद्युतभार असा बसवला की तो वर्षानुवर्षं उतरत नाही. लोहचुंबकाचं चुंबकत्व जसं त्याच्यातच असतं, तसा हा भार पडद्यातच असतो. याला इलेक्ट्रेट म्हणतात. आता बाहेरून लागायचा तो फक्त शेजारच्या चिमुकल्या ट्रान्झिस्टरपुरता एक-दोन व्होल्टचा पुरवठा. माइक गोळीएवढा झाला आणि हजारोंच्या संख्येने बनू लागला. कॅसेट रेकॉर्डर, टेलिफोन, श्रवणयंत्रं, सगळीकडे तो गेला. काउंटरवरचा हजाराच्या आत-बाहेरचा कॉलर माइक त्याच वंशातला. आज आपल्याला परवडतो तो माइक या दोघांमुळे परवडतो, आणि त्यांची नावं माइकच्या खोक्यावर कुठेही नसतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्टुडिओच्या माइकांची वाट वेगळी राहिली. १९६६ मध्ये नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी माइकच्याच वायरमधून वीज पुरवण्याची सोय केली, तिलाच फँटम पॉवर म्हणतात. त्या रेडिओच्या इमारतीत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीपासूनच होता, तोच वापरला. जगभरचा फँटम पॉवरचा ४८ हा आकडा तिथून आला. आजही तीन पिनांचा कंडेन्सर माइक घेणाऱ्याने पहिलं बघायचं ते हेच, की आपला रेकॉर्डर ४८ व्होल्ट देतो का. खिशातल्या छोट्या रेकॉर्डरचं बारीक भोक इलेक्ट्रेटपुरते दोन-तीन व्होल्टच देतं. त्याला स्टुडिओचा माइक जोडून "बिघडलेला निघाला" म्हणत परत आणणारे लोक मी पाहिलेत.

रेकॉर्डर आवाक्यात आला तो १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणल्यावर. आपल्याकडे तिची खरी लाट ऐंशीच्या दशकात आली. घराघरांत बाळाचे बोल, आजीची आरती, नाटकाच्या तालमी टेप झाल्या. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवण्याचं प्रचंड काम उभं केलं. एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या आणि पुढे त्यांतल्या बऱ्याच ध्वनिमुद्रितही झाल्या. कागदावरची ओवी आणि घरघरत्या जात्यावरची ओवी यांतला फरक ऐकला की, फिरतं ध्वनिमुद्रण ही सिनेमावाल्यांपुरती गोष्ट नाही हे पटतं. १९८७ मध्ये डिजिटल टेप आली, १९९२ मध्ये मिनीडिस्क. दोन्ही इथे फारशा रुजल्या नाहीत. मग मेमरी कार्ड स्वस्त झालं आणि रेकॉर्डरमधले हलणारे भागच नाहीसे झाले. किंमत उतरली ती त्यामुळे.

खरी उलथापालथ २००८ ची. आधी निकॉनचा डी-९० आणि लगोलग कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू असे स्थिरचित्रांचे कॅमेरे व्हिडिओ घेऊ लागले. मोठ्या सेन्सरमुळे चित्र सिनेमासारखं, आणि आवाज अगदीच सामान्य. फाइव्ह-डी मार्क टूला हेडफोन लावायची जागाच नव्हती, आणि सुरुवातीला आवाजाची पातळी हाताने ठरवताही येत नव्हती. कॅमेरा ती स्वतः ठरवायचा. वक्ता थांबला की कॅमेऱ्याला वाटायचं आवाज कमी पडतोय. मग तो पातळी वर खेचायचा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी पंख्याची घरघर उसळून यायची. हाताने पातळी ठरवायची सोय २०१० च्या मार्चमध्ये सॉफ्टवेअर बदलून मिळाली.

मधल्या काळात लोकांनी दुसरीच वाट धरली होती. जपानच्या झूम कंपनीचे छोटे रेकॉर्डर मुख्यतः संगीतकारांसाठी होते, तालीम टिपायला. व्हिडिओवाल्यांनी ते उचलले. २००९ च्या एच-फोर-एनमध्ये तीन पिनांच्या दोन माइकांची आणि फँटम पॉवरची सोय होती. २०१० चा एच-वन तर ९९ डॉलरचा, एका पेन्सिल सेलवर चालणारा. चित्र कॅमेऱ्यात, ध्वनी रेकॉर्डरमध्ये, सुरुवातीला एक टाळी. नाग्राची व्यवस्थाच कॉलेजच्या मुलांच्या हातात आली. फिरोदिया-पुरुषोत्तम या कॉलेजांच्या स्पर्धांच्या तालमींच्या आसपास वाढलेल्या पुण्यातल्या मुलांनी त्या काळात केलेले लघुपट ऐकावेत. चित्र डळमळतं, पण संवाद समजतात.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि फोन हाच कॅमेरा झाला. २०२० च्या टाळेबंदीत शिक्षक, कीर्तनकार, क्लासवाले सगळे फोनसमोर बसले. बोयाचा सहा मीटर वायरचा कॉलर माइक तेव्हा घरोघरी पोचला. त्याच्या डबीवर कॅमेरा आणि फोन असं बटण असतं. कॅमेऱ्यासाठी आतला बटणसेल लागतो, फोनवर लागत नाही. बटण कॅमेऱ्यावर राहिलं की सेल उतरतो, आणि नेमका चित्रीकरणाच्या दिवशी कळतं. फोनच्या पिनेला चार भाग असतात, कॅमेऱ्याच्या पिनेला तीन. एवढं पाहिलं तरी निम्मे घोटाळे टळतात.

वायरलेस आधी महाग होतं आणि वेगळे फ्रिक्वेन्सीचे पट्टे वापरायचं. २०१९ मध्ये रोड (Røde) या कंपनीने काडेपेटीएवढा वायरलेस गो आणला, मग डीजेआय आणि इतर पुष्कळ आले. हे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वायफायच्याच वाटेवर. पर्वतीच्या पायथ्याशी मोकळ्यावर उत्तम. लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या दिवशी हजारो फोनांच्या गर्दीत मात्र त्यावर भिस्त ठेवू नये. शिवाय या लहरी माणसाच्या शरीरात अडतात, म्हणून बोलणाऱ्याने पाठ फिरवली की आवाज तुटतो. आतच ध्वनी साठवून ठेवणारा ट्रान्समीटर मिळत असेल तर थोडे जास्त पैसे घालावेत.

आता ३२ बिट फ्लोट या ध्वनी साठवण्याच्या पद्धतीचा बोलबाला आहे. झूमच्या एफ-सिक्समध्ये तो २०१९ मध्ये आला. पातळी चुकली तरी फायलीतून आवाज सावरता येतो. एकट्याने काम करणाऱ्याला हा मोठाच आधार. पण ढोल-ताशा पथकासमोर हात-दोन हातांवर इलेक्ट्रेट धरला, तर फाटतो तो माइकच. फाइल किती बिटांची आहे याने काही वाचत नाही. तिथे जाडजूड डायनॅमिक माइक (स्टेजवर गायक हातात धरतात तसला) हवा किंवा लांब उभं राहायला हवं.

अंतराची गोष्ट मात्र १९३१ पासून तशीच आहे. माइक एका हातावरून दोन हातांवर नेला की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. गन माइकची नळी बाजूचा आवाज छाटते ते उघड्यावर. फरशी आणि कोऱ्या भिंतींच्या खोलीत परावर्तित आवाज समोरूनही शिरतो, आणि स्वस्त गन माइकची नळी आखूड असल्याने खालचे स्वर तिला छाटताच येत नाहीत. म्हणून घरात, वाड्यात, शाळेत मुलाखत घ्यायची तर माझं मत कॉलर माइकच्या बाजूने पडतं, तेही वायरच्या.

मागच्या उन्हाळ्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात ८५ वर्षांच्या आजींच्या आठवणी टिपायच्या होत्या. जवळ पैसे बेताचेच. वायरचा कॉलर माइक पदराच्या काठाला, छातीच्या वरच्या बाजूला लावला. पिन घरातल्या जुन्या फोनमध्ये, फोन विमान मोडवर टाकून त्यांच्या शेजारी सतरंजीवर ठेवला. कॅमेरा समोर लांबवर. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला आणि दर वीस मिनिटांनी चालू करून सगळ्यांना वारा घेऊ दिला. दारावरचा जाड पडदा काढून आजींच्या समोरच्या भिंतीवर टांगला. आजींना म्हटलं, "आजी, एक टाळी वाजवा बरं." त्यांनी वाजवली, आणि विचारलं, "आरती म्हणायचीये का?" ते वाक्यसुद्धा फोनमध्ये स्वच्छ आलंय.