फाशावरचे सहा आणि रस्त्यावरचे ब्लॅकस्पॉट

समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर खासगी बस पेटली आणि २५ जण गेले. त्याच महिन्यात काही मंडळींनी तिथे महामृत्युंजय यंत्र बसवलं आणि आता इथे अपघात होणार नाहीत, असं सांगितलं. पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला, ते योग्यच झालं. मला मात्र त्यातलं गणित स्वस्थ बसू देत नाही. अपघातांचा आकडा फुगलेल्या ठिकाणी यंत्र बसवा, नारळ फोडा किंवा पाच कोटींचं काम काढा, पुढे तो आकडा बहुधा खालीच येतो. काहीच केलं नाही तरी येतो!

ल्युडोचे साठ फासे टाका. साधारण दहांवर सहा पडतील. तेवढेच दहा उचला, अंगारा लावा आणि पुन्हा टाका. मघाशी त्यांची बेरीज साठ होती, आता पस्तिशीच्या आसपास येईल. अंगाऱ्याचा इथे काही संबंध नाही. आपण फासेच असे निवडले होते की त्यांना वर जायला जागाच नव्हती. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीत संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनला १८८६ मध्ये हेच दिसलं होतं.

आता आपला सरकारी निकष बघा. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू झाले, की तो ब्लॅकस्पॉट. समजा शंभर टप्पे अगदी सारख्याच धोक्याचे आहेत आणि प्रत्येकावर तीन वर्षांत सरासरी तीन गंभीर अपघात होतात. विरळ घटना योगायोगाने किती वेळा घडतील हे सांगणाऱ्या प्वासाँच्या सूत्राने आकडेमोड केली तर अठरा-एकोणीस टप्प्यांवर निव्वळ योगायोगाने पाच किंवा जास्त अपघात होतात. त्या निवडक टप्प्यांची सरासरी निघते ५.७. पुढच्या तीन वर्षांत ती आपसूक तीनकडे येणार. म्हणजे सत्तेचाळीस टक्के घट, आणि खर्च शून्य. काम झालेल्या ठिकाणचे फक्त आधीचे-नंतरचे आकडे दाखवले, तर ही घट ठेकेदाराच्या खात्यावर जमा होते आणि पुढचा निधीही तशाच कामाला मिळतो.

यावर अभ्यासक एझ्रा हाउअर यांनी रस्ता-सुरक्षेत रुजवलेली पद्धत मला फार आवडते. चौकाची स्वतःची नोंद आणि तशाच इतर चौकांची सरासरी, दोन्ही वजन देऊन मिसळायच्या. इतरांची सरासरी तीन, इथली नोंद सात, वजन निम्मं-निम्मं. तर धोका पाच धरायचा. जितक्या जास्त वर्षांची नोंद, तितकं तिचं वजन जास्त. निधी पाचावर ठरवायचा आणि कामानंतरची तुलनाही पाचाशीच करायची.

ब्लॅकस्पॉट खोटे असतात, असा याचा अर्थ नाही. पुण्याचा नवले पूल घ्या. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की लांबलचक उतार. डिझेल वाचवायला चालक ट्रक न्यूट्रलमध्ये टाकतात. मग इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि पकड सुटते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे कितीतरी गाड्या एकमेकींवर आदळल्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा माणसं गेली. हा आकडा फाशाचा नाही, उताराचा आहे. मधली दोन वर्षं शांत गेली तरी उतार तिथेच असतो.

म्हणून तसाच उतार असलेल्या, पण अजून यादीत न आलेल्या घाटांनाही आजच पैसे मिळायला हवेत. कडेला सुट्या खडीचा खोल पट्टा काढला, तर ब्रेक गेलेला ट्रक त्यात रुततो आणि थांबतो.