ध्रुवीय रेणूंचे विद्युत क्षेत्रातील वर्तन

ज्या रेणूत धन आणि ऋण विद्युतभारांची केंद्रे एकाच बिंदूवर येत नाहीत, त्याला ध्रुवीय रेणू म्हणतात. एकूण भार शून्य असला तरी विद्युत क्षेत्रात असा रेणू तटस्थ राहत नाही. त्याचे धन टोक क्षेत्राच्या दिशेला आणि ऋण टोक उलट दिशेला वळू पाहते.

रेणू ध्रुवीय आहे की नाही, हे बंधांइतकेच त्याच्या आकारावर ठरते. कार्बन डायऑक्साइडचे दोन्ही बंध ध्रुवीय आहेत, पण रेणू सरळ रेषेत असल्याने एकाची ओढ दुसरा फेडून टाकतो. पाण्याचा रेणू मात्र १०४.५ अंशांत वाकलेला असतो, म्हणून त्याचे द्विध्रुव परिबल, म्हणजे भार किती आणि तो किती अंतरावर विभागला आहे याचे माप, १.८५ डिबाय भरते. हे एकक शास्त्रज्ञ पीटर डिबाय यांच्या नावाचे आहे. पदार्थाच्या ध्रुवणात (क्षेत्रामुळे त्यातले धन-ऋण भार एकमेकांपासून जरासे विलग दिशांना कलण्यात) कायम द्विध्रुवांचा, म्हणजे मुळातच ध्रुवीय असलेल्या रेणूंचा, वाटा तापमान वाढले की घटतो, हे त्यांनी १९१२ मध्ये मांडले. त्यावरून द्विध्रुव परिबल मोजता येऊ लागले आणि त्या आकड्यांवरून रेणूची घडण ओळखता येऊ लागली. १९३६ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

तापमानाचा संबंध येतो कुठे? क्षेत्र रेणूंना रांगेत लावू पाहते आणि उष्णतेची धक्काबुक्की ती रांग मोडत राहते. या झटापटीत उष्णता सहज वरचढ ठरते. मीटरला १० लाख व्होल्ट इतके तीव्र क्षेत्र घेतले, तरी पाण्याच्या एका सुट्या रेणूला वळण्याने मिळणारी ऊर्जा खोलीच्या तापमानाला असलेल्या औष्णिक ऊर्जेच्या सहाशेव्या भागाहूनही कमी असते. म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखे सगळे बाण एका दिशेला कधीच नसतात; एका बाजूला किंचित झुकते माप पडते, एवढेच. पण असंख्य रेणूंचे ते किंचित झुकणे मिळून मोठे होते. पाण्याचा पराविद्युतांक (पदार्थ विद्युत क्षेत्राला किती पटींनी क्षीण करतो, तो आकडा) ८० च्या आसपास आहे, तर अध्रुवीय हेक्झेनचा जेमतेम १.९. हेक्झेनमध्ये वळायला कायम द्विध्रुव नसतोच; क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉनांचा ढग जरासा सरकतो, तेवढेच ध्रुवण.

एकसमान क्षेत्रात द्विध्रुव वळतो, पण ओढला जात नाही, कारण दोन टोकांवरची बले समान आणि विरुद्ध असतात. ओढ लागते ती असमान क्षेत्रात. चार्ल्स टाउन्स यांच्या १९५४ च्या मेसरमध्ये (सूक्ष्मलहरी वर्धित करणाऱ्या उपकरणात) अमोनियाचे अधिक व कमी ऊर्जेच्या अवस्थांतले रेणू असमान विद्युत क्षेत्रानेच वेगळे केले होते.

इथे एक जुना गैरसमज आडवा येतो. केसांवर घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला की धार वाकते, आणि ‘पाणी ध्रुवीय आहे म्हणून’ असे सांगून शिक्षक मोकळे होतात. प्रयोग झकास आहे, स्पष्टीकरण लंगडे. रेणूंच्या झुकण्यातून येणारे बल एवढ्या वाकण्याला फारच अपुरे पडते. पाण्यात आयन, म्हणजे विद्युतभारित कण, असतात. कंगव्यामुळे धारेत विरुद्ध भार प्रवर्तित होतो आणि थेंब तो घेऊन तुटतात. वाकण्याचे मुख्य कारण ते.

क्षेत्राची दिशा सतत पालटत राहिली तर रेणूही तिच्यामागे फिरू पाहतात. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये क्षेत्र सेकंदाला २४५ कोटी आवर्तने करते. पाण्याचे रेणू मागे मागे राहतात आणि शेजाऱ्यांवर आदळत क्षेत्राची ऊर्जा उष्णतेत घालवतात. ही वारंवारता पाण्याची ‘खास’ वारंवारता आहे, हेही खरे नाही. खोलीच्या तापमानाला पाण्याचे शोषण त्याच्या कितीतरी वर, २००० कोटींच्या आसपास, शिगेला पोचते. बर्फात मात्र रेणू जाळीत जखडलेले असतात. त्यांचे वळणे लाखो पटींनी मंद होते, त्यामुळे बर्फ फारसा तापत नाही. फ्रीजरमधला खोवलेला नारळ थेट ओव्हनमध्ये ठेवून पाहावा: कडेचा भाग आधी सुटतो, तिथले पाणी झालेले रेणू आणखी ऊर्जा ओढून घेतात, कडा वाफाळतात, आणि मधला गोळा दगडासारखा तसाच राहतो.