क्रिकेट वर्ल्डकप आणि नागपूरची १९८७ ची मॅच

वनडे क्रिकेटचा वर्ल्डकप दर चार वर्षांनी होतो, क्रिकेटची जागतिक संघटना आयसीसी भरवते, पुरुषांचा पहिला १९७५ ला इंग्लंडात झाला (बायकांचा त्याच्याही दोन वर्षं आधी, १९७३ ला, हे लय लोकांना माहीतच नसते). तेव्हा ६० ओव्हर, पांढरे कपडे, लाल बॉल अन् आठ टीम. पहिले दोन कप वेस्ट इंडिजनं नेले. १९७५ च्या पहिल्याच मॅचमध्ये गावस्कर पूर्ण ६० ओव्हर उभा राहिला आणि १७४ बॉलवर नाबाद ३६, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामी येतो.

१९८३ ला कपिलच्या टीमनं लॉर्ड्सवर १८३ करून वेस्ट इंडिजला १४० वर गुंडाळलं. त्या वेळी भारतीय बोर्डाचे अध्यक्ष होते आपल्या नागपूरचे एन. के. पी. साळवे. फायनलची दोन तिकिटं त्यांनी जादा मागितली आणि ती दिली नाहीत असं सांगतात. तिकिटाचं सोडा, पण तीनही वर्ल्डकप इंग्लंडातच झालेले, चौथा इकडे आणायसाठी साळवेसाहेबांनी पाकिस्तान बोर्डाला सोबत घेऊन जे केलं ते खरंच मोठं काम आहे, विदर्भातल्या पोरांना हे शाळेत सांगायला पाहिजे. १९८७ चा हा वर्ल्डकप, म्हणजे रिलायन्स कप, भारत-पाकिस्तानात झाला, इकडे दिवस लवकर मावळतो म्हणून ६० च्या ५० ओव्हर झाल्या त्या आजपर्यंत तेवढ्याच आहेत.

अन् त्याच कपातली एक मॅच नागपुरात, सदरजवळच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या जुन्या व्हीसीए ग्राउंडवर, ३१ ऑक्टोबर, न्यूझीलंडसोबत. दिवाळी होऊन गेली होती, वावरात पऱ्हाटी फुटलेली, वेचाई चालू. बाबानं ट्रान्झिस्टर धुऱ्यावरच्या बाभळीला अडकवला होता, सेल उतरले होते म्हणून सकाळीच उन्हात तापवून घातलेले, आवाज खरखर येत होता तरी वेचणाऱ्या बाया बी कापसानं ओटी भरायच्या थांबून ऐकत होत्या. चेतन शर्मानं रदरफोर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड असे लागोपाठ तीन बॉलवर तीन बोल्ड काढले, वर्ल्डकपच्या इतिहासातली ही पहिली हॅट्ट्रिक, आणि ती आपल्या नागपुरात!

न्यूझीलंडचे २२१ झाले. गटात ऑस्ट्रेलियाच्या वर जायचं तर ४२.२ ओव्हरच्या आत करायचे होते, नाही तर सेमीफायनल लाहोरला. गावस्करच्या अंगात ताप होता. तरी चॅटफिल्डच्या एकाच ओव्हरमध्ये दोन सिक्स दोन फोर, श्रीकांतचे ७५, आणि गावस्करचे ८८ बॉलवर नाबाद १०३. वनडेतली त्याची एकुलती एक सेंच्युरी. ३२.१ ओव्हरमध्येच मॅच संपली. १७४ बॉलवर ३६ करणारा माणूस बारा वर्षांनी आपल्या गावाकडं येऊन असा खेळला, म्हणून मला ही मॅच १९८३ च्या फायनलइतकीच मोठी वाटते. सेमीफायनल मुंबईला मिळाली पण इंग्लंडच्या गूचच्या स्वीप शॉटपुढे हरलो, कप ऑस्ट्रेलियाचा.

१९९२ पासून रंगीत ड्रेस, पांढरा बॉल आला. १९९६ ला नागपूरला ऑस्ट्रेलिया-झिम्बाब्वे मॅच झाली. २०११ ला नागपूरच्या वर्धा रोडवरच्या जामठ्याच्या नव्या ग्राउंडवर चार मॅच झाल्या, त्यात दक्षिण आफ्रिकेसमोर सचिनचे १११, त्याची ९९ वी इंटरनॅशनल सेंच्युरी. एक बाद २६७ वरून २९६ ला सगळे आउट झाले, मॅच गेली, कप मात्र आपणच जिंकलो.

२०१५ ला वलनीच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा पोरगा उमेश यादव १८ विकेट घेऊन भारताकडून सगळ्यात पुढं होता. ऑस्ट्रेलियाकडे आता सहा कप आहेत, शेवटचा २०२३ चा, अहमदाबादला आपल्यालाच हरवून. त्या वर्ल्डकपात दहा शहरांत मॅच झाल्या, त्यात नागपूर नव्हतं.