सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर

महामंदीच्या काळात अमेरिकेच्या केंद्र सरकारने बेकार तरुणांसाठी 1933 ते 1942 या काळात चालवलेली श्रमशिबिरांची योजना. 'सीसीसी' या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. 1933 मध्ये देशातील सुमारे एक चतुर्थांश श्रमिकांच्या हाताला काम नव्हते आणि शाळा सुटलेली, नोकरी न मिळालेली हजारो मुले मालगाड्यांतून गावोगाव भटकत होती. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पदग्रहणानंतर महिन्याच्या आतच, 31 मार्च रोजी, योजनेच्या कायद्यावर सही केली आणि 17 एप्रिलला व्हर्जिनियातील जंगलात पहिले शिबिर सुरू झाले. नवे खाते न काढता असलेल्याच खात्यांना कामे वाटून दिल्यामुळे हा वेग साधला : निवड मजूर खात्याकडे, शिबिरांची व्यवस्था लष्कराकडे आणि प्रत्यक्ष कामावरील देखरेख मुख्यतः शेती व अंतर्गत व्यवहार खात्यांकडे होती. कामगार नेते रॉबर्ट फेकनर हे पहिले संचालक होत.

भरती मुख्यतः गरजू कुटुंबांतील 18 ते 25 वयाच्या अविवाहित तरुणांची होई. ही वयोमर्यादा पुढे बदलत गेली. महिन्याला 30 डॉलर वेतन मिळे आणि त्यांतील सुमारे 25 डॉलर थेट घरी पाठवले जात. योजनेचा खरा प्राण या तरतुदीत होता, कारण दूरच्या डोंगरात कुदळ मारणाऱ्या मुलाच्या कमाईवर शहरातील त्याच्या आईवडिलांचे घरभाडे आणि किराणा भागत असे. उरलेल्या पाच डॉलरांत त्याने कँटीनमधून साबण-तंबाखू घ्यावा आणि शनिवारी शिबिराच्या ट्रकने जवळच्या गावात जाऊन सिनेमा पाहावा, असा साधारण क्रम असे.

वृक्षलागवड, वणवे विझवणे, जमिनीची धूप थांबवणे, उद्यानांतील रस्ते व पायवाटा बांधणे ही मुख्य कामे होती. दलाने सुमारे 3 अब्ज झाडे लावली. कोलोरॅडोतील रेड रॉक्स हे खडकांमधील खुले नाट्यगृहही याच तरुणांनी बांधले.

शिक्षणाची सोय मात्र मागाहून आली. जहाल विचार शिबिरांत शिरतील या भीतीने लष्करी अधिकारी प्रथम नाखूश होते. 1933 च्या अखेरीस शिक्षण-सल्लागार नेमण्याचा निर्णय झाला, पण दिवस कामाचा असल्याने वर्ग भरत ते रात्रीच्या जेवणानंतर, आणि तेही ऐच्छिक. दिवसभर दगड फोडून आलेला मुलगा आपणहून बाराखडी गिरवायला बसे, हे विशेष मानले पाहिजे. चाळीस हजारांहून अधिक निरक्षर तरुण येथे लिहावाचायला शिकले. टंकलेखन, मोटारदुरुस्ती, सुतारकाम यांचेही वर्ग असत. बेसबॉल, मुष्टियुद्ध आणि मुलांनीच लिहून चक्रमुद्रित केलेली शिबिरपत्रे ही करमणुकीची साधने होती.

योजनेची मोठी उणीव भेदभावाची होती. अमेरिकी संसदेतील (काँग्रेसमधील) कृष्णवर्णीय सदस्य ऑस्कर डी प्रीस्ट यांच्या दुरुस्तीमुळे कायद्यातच वंशभेदास मनाई होती, तरी 1935 मध्ये फेकनर यांनी कृष्णवर्णीयांची शिबिरे सरसकट वेगळी केली. स्त्रियांना दलात प्रवेशच नव्हता. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या आग्रहाने त्यांच्यासाठी निघालेली शिबिरे संख्येने थोडी आणि अल्पजीवी ठरली.

1935 मध्ये दलात एकाच वेळी पाच लाखांवर तरुण होते. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत रोजगार वाढला तशी भरती रोडावली आणि 1942 च्या मध्यास काँग्रेसने निधी थांबवला. रिकाम्या झालेल्या काही शिबिरांत पुढे युद्धकैदी, तर काहींत सदसद्विवेकबुद्धीला स्मरून लढण्यास नकार देणारे नागरिक ठेवण्यात आले.